पडली तरी तीन गुण

नमस्कार श्रोतेहो. फिगर स्केटिंगच्या बाबतीत आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पडलेली मुलगी जिंकते कशी? आणि न पडलेली हरते कशी? उत्तर थोडक्यात सांगते, कारण मला आज तुम्हाला माओ असादाची गोष्ट सांगायची आहे.

गुणांच्या दोन रकमा असतात. एक उड्या, गिरक्या, पदन्यासाची, दुसरी कलेची. प्रत्येक उडीची किंमत ठरलेली. ट्रिपल ॲक्सेल, म्हणजे हवेत साडेतीन फेरे, आज 8 गुणांची. परीक्षक तिला वजा पाच ते अधिक पाच असा दर्जा देतात. पडलात की साधारण वजा पाच, म्हणजे उडीची निम्मी किंमत गेली, 8 चे राहिले 4. पडल्याबद्दल आणखी 1 कापतात. राहिले 3. लक्षात ठेवा, शून्य नाही, 3!

उलट, न पडता केलेली उडीही फसवी असते. भाकरी टम्म फुगावी आणि मोडल्यावर आत कच्ची निघावी, तसं. फेरा पावाहून जास्त अपुरा राहिला, तर तांत्रिक पॅनेल रिप्ले बघून उडीची किंमतच उतरवतं. तोवर टाळ्या वाजून गेलेल्या असतात.

टाळ्यांवरून आठवलं. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धांत परीक्षक उभे राहून शिट्ट्या मारतात, डोळे पुसतात, ते मला मुळीच आवडत नाही. परीक्षकानं खुर्चीत बसावं आणि गुण लिहावेत. रडायला घर आहे. असो.

तर माओ असादा. जपानची. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये तिनं एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सेल मारल्या, आणि तरी रौप्य! सोनं कोरियाच्या युना किमचं. मग आलं 2014, रशियातलं सोची. स्पर्धा दोन भागांची, छोटा कार्यक्रम आणि मोठा. 19 फेब्रुवारीला छोटा कार्यक्रम, संगीत शोपँचं नोक्टर्न. पहिलीच उडी ट्रिपल ॲक्सेल, आणि माओ पडली. पुढच्या उडीत फेरा अपुरा. जोडउडी तर झालीच नाही. गुण 55.51, क्रमांक सोळावा. सोळावा, श्रोतेहो! दोन वेळची जगज्जेती.

दुसऱ्या दिवशी जपानचे एक माजी पंतप्रधान, योशिरो मोरी, जाहीरपणे म्हणाले की ही मुलगी ऐन मोक्याला नेहमी पडते. (पंतप्रधानकी गेली की माणसाला सगळ्याच खेळांतलं कळायला लागतं, हे बहुधा सगळीकडेच असावं.)

त्याच 20 तारखेला मोठा कार्यक्रम. पहिल्या दिवशी खाली राहिलेल्या मुली आधी येतात, आघाडीच्या शेवटी. म्हणून माओ दुसऱ्याच गटात. संगीत रखमानिनोव्हचं, पियानोचा दुसरा काँचेर्टो. सुरुवातीलाच पुन्हा ट्रिपल ॲक्सेल. या वेळी ती उभी राहिली. मग ट्रिपलमागून ट्रिपल, एकूण आठ, आणि एकदाही पडली नाही. शेवटची पावलं संपली, तिनं मान वर केली आणि तिला रडूच फुटलं. परीक्षकांनी रडू नये म्हणाले मी. हिनं खुशाल रडावं.

गुण 142.71, तोवरचे तिचे सर्वोत्तम. दोन उड्यांचे फेरे अपुरे ठरवूनसुद्धा.

आता आकडे नीट ऐका. त्या रात्री उड्या-गिरक्यांच्या रकमेत माओला 73.03, युना किमला 69.69. माओ पुढे! कलेच्या रकमेत मात्र माओला 69.68 आणि किमला 74.50. किमची नजाकत मोठी, ते मान्यच. पण जवळजवळ पाच गुणांनी? लवकर येणाऱ्या मुलींना कलेचे गुण हात राखून दिले जातात, हे गाऱ्हाणं जुनं आहे आणि मला ते खरं वाटतं. उडी मोजता येते. कला मोजताना आदल्या दिवशीचा सोळावा क्रमांक डोळ्यांसमोरून हलत नाही.

2022 पासून कलेची सदरं पाचाची तीन झाली: रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कसब. मोठी चूक झाली तर या गुणांनाही आता वरून मर्यादा पडते.

दोन्ही दिवस मिळून माओ सोळाव्यावरून सहावी आली. पदक नाही. मग मार्चमध्ये जपानात, साइतामाला, जागतिक स्पर्धा झाली. तिथे तेच नोक्टर्न आणि तीच ट्रिपल ॲक्सेल. गुण पडले 78.66. छोट्या कार्यक्रमाचा तेव्हाचा विश्वविक्रम, आणि स्पर्धा संपली तेव्हा माओ तिसऱ्यांदा जगज्जेती.