पस्तीस कुठून आले?

श्रोतेहो, नमस्कार.

बावन्नातून सत्तावीस गेले, किती राहिले? पंचवीस. माझ्या वर्गातल्या एका मुलीने उत्तर दिलं होतं, पस्तीस. वहीत नाही, टॅबलेटवर. टॅबलेटने लाल फुली दाखवली, एक खट्टू चेहरा दाखवला आणि 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणून सांगितलं. समोर चार पर्याय होते, त्यातला एक बाद झाला होता. तिने पंचवीसवर बोट ठेवलं. लगेच हिरवी खूण, टाळ्या, एक तारा. पुढचं गणित ६१ वजा ३८. तिने दाबलं सदतीस. पुन्हा फुली, पुन्हा दुसरा पर्याय, पुन्हा टाळ्या. आठवड्याअखेरीस माझ्या स्क्रीनवर तिच्या नावापुढचा चौकोन हिरवा झाला होता. हातच्याची वजाबाकी : प्रभुत्व.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तो हिरवा चौकोन बघून मला बरं वाटलं होतं. वर्गात चाळीस मुलं असली की वह्या तपासता तपासता मान मोडते. इथे यंत्र तपासतं, गुण मांडतं, आलेख काढतं, आणि कंटाळत नाही. पहिले तीन आठवडे मी घरी एकही वही नेली नाही.

यंत्राने शिकवायची कल्पना काही आजची नाही. सिडनी प्रेसी नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारं एक यंत्र बनवलं होतं. बरोबर कळ दाबेपर्यंत त्यात पुढचा प्रश्नच येत नसे. म्हणजे आमच्या टॅबलेटचा पणजोबाच म्हणा ना. मग १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर हे दुसरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास बघायला गेले. मुलं गणितं सोडवत होती, पण आपलं बरोबर आलं की चूक, हे त्यांना तिथल्या तिथे कळत नव्हतं. स्किनर यांना ते खटकलं आणि त्यांनीही शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. त्यांची तक्रार रास्तच होती. चूक झाली हे मुलाला लगेच कळायला हवं. पण चूक झाली हे कळणं वेगळं आणि ती का झाली हे कळणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला वेळ लागतो, आणि यंत्राची सगळी मिजास वेगाची.

हा प्रकार नेमका काय आहे हे मला समजलं ते बेनीमुळे. बेनी हे एका अभ्यासात आलेल्या मुलाचं नाव. स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकाने १९७३ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. सहावीतला मुलगा, बारा वर्षांचा. दुसरीपासून तो अशा पद्धतीने गणित शिकत होता की प्रत्येकाने आपापल्या वेगाने पुस्तिका सोडवायच्या, उत्तरं उत्तरसूचीशी ताडली जायची, चाचणीत ऐंशी टक्के पडले की पुढची पुस्तिका. 'प्रत्येक मुलासाठी वेगळं शिक्षण' हे आज आपण जाहिरातीत ऐकतो ना, ते तेव्हाही हेच होतं, फक्त कागदावर. बेनी भराभर पुढे चालला होता. त्याच्या बाईंच्या मते तो गणितात वर्गातल्या हुशार मुलांपैकी एक.

अर्लवँगर त्याच्याजवळ बसले आणि त्याला नुसतं बोलतं केलं. दोन छेद दहा दशांशात कसं लिहायचं? बेनी म्हणाला, १.२. पाच छेद दहा? १.५. त्याने अंश आणि छेद यांची बेरीज केली होती, दोन आणि दहा बारा, आणि मध्ये एक टिंब टाकलं होतं. हा त्याचा नियम होता आणि त्यावर त्याचा पक्का विश्वास होता. असे त्याचे आणखीही बरेच नियम होते. त्याहून मला हादरवून गेली ती दुसरी गोष्ट. एकच उत्तर वेगळ्या रूपात लिहिलं, म्हणजे सूचीत एक छेद दोन असताना दोन छेद चार लिहिलं, की ते चूक ठरायचं. त्यावरून या मुलाने ठरवून टाकलं की गणिताला स्वतःचं असं काही डोकं नसतं. कुणीतरी कधीतरी नियम केले आहेत आणि आपण सूचीत काय दडलंय ते हुडकायचं. चार वर्षं पुस्तिका पुढे सरकत होत्या. हे उत्तर तू कसं काढलंस, एवढं मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुमचा टॅबलेट जुना झाला. नवी एआय गप्पा मारते, उलट प्रश्न विचारते. मान्य. यंत्राला चुकीमागचं कारण ओळखता येणारच नाही, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, ही माझ्या विद्यार्थिनीची चूक संगणकाने ओळखावी असं काम १९७०च्या दशकातच झालेलं आहे. प्रश्न वेगळा आहे. यंत्र कशासाठी घडवलंय? मुलाला अडवून विचार करायला लावण्यासाठी, की त्याचं गणित चटकन उरकून देण्यासाठी?

तुर्कस्तानात सुमारे हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. गणिताच्या सरावाला काहींना साधा एआय चॅटबॉट दिला. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. ज्यांना तो कधी दिलाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. गंमत अशी की आपण कमी शिकलो, असं त्यांना वाटतही नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र शिक्षकांच्या मदतीने घडवलेला, उत्तर न देता फक्त दिशा दाखवणारा चॅटबॉट दिला होता. त्यांचं नुकसान बहुतेक टळलं. पण परीक्षेत तेही चॅटबॉटशिवाय शिकलेल्यांच्या पुढे गेले नाहीत, हेही ऐकून ठेवा. एकच तंत्रज्ञान, आणि फरक पडला तो कुणाला विचारून घडवलं त्याने. आमच्या शाळेत टॅबलेट आले तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतं. खोकी उघडायला मात्र बोलावलं होतं.

विचारलं नाही की काय होतं, ते इंग्लंडने २०२० मध्ये पाहिलं. कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि श्रेणी ठरवण्याचं काम एका अल्गोरिदमवर, म्हणजे संगणकाच्या ठरीव गणिती नियमांवर, सोपवलं. त्यात त्या शाळेचा आधीच्या वर्षांचा निकालही धरलेला होता. म्हणजे तुमच्याआधी त्या बाकावर बसलेल्यांचे गुण तुमच्या पदरात. शिक्षकांनी दिलेल्या जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या. मुलं रस्त्यावर उतरली आणि १३ ऑगस्टला लावलेल्या निकालाची ती पद्धत १७ ऑगस्टला मागे घ्यावी लागली. ती मुलं सतरा-अठरा वर्षांची होती, त्यांना ओरडता आलं. आठ वर्षांचं मूल टॅबलेटच्या अहवालाविरुद्ध कुठे ओरडणार?

आणि तो अहवाल राहतो कुठे? पाटीवरची चूक पुसली जायची. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांतली १६०हून अधिक शैक्षणिक अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं तपासली, तेव्हा दहातली जवळपास नऊ मुलांच्या माहितीशी अशा तऱ्हेने वागत होती की त्यांचे हक्क धोक्यात यावेत. पालकसभेला जाल तेव्हा हे जरूर विचारा : माझ्या मुलाच्या चुका कुणाकडे साठतात, किती वर्षं, आणि त्या पुसायला सांगायचं कुणाला? उत्तर येईपर्यंत खुर्ची सोडू नका.

आता त्या मुलीकडे येते. बेनीबद्दल वाचलं त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत मी तिला कागद-पेन्सिल दिली. म्हटलं, ५२ वजा २७ कर, आणि करताना मोठ्याने बोल. तिने केलं. पस्तीस. मी फुली मारली नाही. विचारलं, "पस्तीस कुठून आले गं?"

"दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन. पाच. पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस."

"पण दोन तर वर आहेत. सात खाली."

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "बाई, मोठ्यातून लहान काढायचं. तुम्हीच तर लिहिलंय."

तिने बोट दाखवलं तिकडे मी वळून पाहिलं. फळ्याशेजारच्या तक्त्यावर माझ्याच अक्षरात, लाल खडूपेन्सिलीने, दोनदा अधोरेखित केलेलं होतं : नेहमी मोठ्यातून लहान वजा करावे.

नमस्कार.