कोंबडीचं खाद्य मातीत का जातं?

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या परसात आठ-दहा कोंबड्या आहेत, त्या घरांशी आज बोलायचं आहे. खास करून घरातल्या बायकांशी, कारण सकाळी खुराडं उघडून पहिली मूठ टाकायचं काम बहुतेक घरांत त्यांच्याकडेच असतं. कोंबडी पाळायची म्हटलं की गिरिराज घ्यावी की वनराज, की आपली गावठीच बरी, यावर खूप बोलणं होतं. लसीबद्दलही हल्ली लोक आवर्जून विचारतात. खाद्याचं भांडं मात्र घरात जे चेपलेलं, फुटलेलं असेल ते. पैसा तिथूनच गळतो.

उद्या सकाळी खाद्य घातल्यावर पाच मिनिटं तिथेच बसून बघा. कोंबडी चोच भरते आणि मान आडवी झटकते. तिला मक्याचा जाड दाणा हवा असतो, म्हणून कोंडा आणि बारीक भरड ती बाजूला उडवते. मग एखादी भांड्यातच चढते, पायाने उकरते आणि वर विष्ठाही टाकते. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर जवळजवळ ३० टक्के खाद्य सांडतं, आणि एक तृतीयांशच भरलं तर सांड एखाद्या टक्क्यावर येते, असं कुक्कुटपालनात मानलं जातं. हिशेब करून बघा. दहा कोंबड्यांना मिळून दिवसाला अर्धा किलो खाद्य घालत असाल, तर ३० टक्क्यांनी महिन्याला साडेचार किलो मातीत गेलं. त्या मातीवर रात्री उंदीर येतात आणि उंदरामागे साप.

म्हणून भांडं निवडताना मी दोनच गोष्टी आधी बघते, कड आणि उंची. कड आत वळलेली हवी, म्हणजे झटकलेला दाणा परत भांड्यात पडतो. आणि ती कड उभ्या कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर यायला हवी. भांडं खाली असेल तर ती उकरणारच. विटांवर ठेवा, नाहीतर आढ्याला दोरीने टांगा. पिल्लं वाढतील तशी दोरी वर घ्यायची. भांडं प्लॅस्टिकचं, पत्र्याचं की लाकडाचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता घरी करायचं भांडं. मला सगळ्यात पटलेलं आहे ते बांबूचं. जाड बांबूचा दोन फुटांचा तुकडा घ्या आणि दोन्ही टोकांना पेराची गाठ राहील असा कापा, म्हणजे टोकं आपोआप बंद होतात. इथे एक सांभाळायचं. बांबू मधोमध अर्धा चिरू नका. वरची अरुंद पट्टी तेवढी काढा, म्हणजे दोन्ही कडा आत झुकलेल्या राहतात. एवढा जाड बांबू मिळाला नाही तर चार इंची पीव्हीसी पाइप चालतो. त्याची अडीच-पावणेतीन इंच रुंदीची पट्टी कापायची आणि टोकांना झाकणं बसवायची. कापलेली धार कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर तुरा आणि गळा कापतो. वर लांबीच्या बाजूने एक गोल काठी दोन खिळ्यांवर सैल बसवा. कोंबडी तिच्यावर बसायला गेली की काठी फिरते आणि ती उतरते.

एका मोठ्या कोंबडीला साधारण दहा सेंटिमीटर जागा लागते. दोन्ही बाजूंनी मोकळं असलेलं दोन फुटी भांडं दहा-बारा कोंबड्यांना पुरतं. तरी माझं सांगणं असं, की एक मोठं करण्यापेक्षा दोन लहान करा आणि लांब लांब ठेवा. कळपात एक-दोघी दांडगट असतातच. त्या एका भांड्यावर उभ्या राहिल्या की गरीब कोंबडी दुसरीकडे जाऊन निवांत खाते.

बादलीला तळाशी भोकं पाडून ती परातीत बसवायची, किंवा उभ्या पाइपला खाली कोपरा लावायचा, असंही बरेच जण करतात. वरून खाद्य भरलं की खातील तसं ते खाली उतरतं. घरचे सगळे दिवसभर शेतावर असतील तर ही सोय चांगली. पण पावसाळ्यात दमट भरडा आत अडकून बसतो, म्हणून रोज हलवून बघावं लागतं. शिवाय मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना सकाळ-संध्याकाळच वरखाद्य द्यायचं असतं, त्यांना एवढा साठा बाहेर कशाला? रंगाची जुनी बादली तर अजिबात वापरू नका.

पावसाचं मात्र मनावर घ्या. भांडं वळचणीच्या चांगलं आत ठेवा, पागोळ्यांचे शिंतोडे यायला नकोत. मका आणि शेंगदाणा पेंड भिजली की बुरशी धरते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते कोंबडीच्या यकृतावर जातं. वरची बुरशी काढून उरलेलं घालू नका. उन्हात वाळवलं तरी ते विष जात नाही. असं खाद्य गुरांनाही नको, खड्ड्यात पुरून टाका.

पिल्लांना पहिले एक-दोन दिवस कागदावर मक्याची बारीक भरड पसरून द्या, चोच मारायला शिकतात. मग लगेच भांड्यावर आणा, कारण विष्ठा मिसळलेल्या खाद्यातून रक्ती हगवण पसरते. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला गरज असेल ती खाते. पाण्याचं भांडं खाद्यापासून दोन-तीन हात दूर, सावलीत हवं. जवळ असलं की ओल्या चोचीने खाद्याचा चिखल होतो. रात्री खुराडं लावताना खाद्याचं भांडं रिकामं करून घरात घ्या, आणि आठवड्यातून एकदा घासून कडक उन्हात पालथं घाला.

नमस्कार.