वस्तीत राहायला येणारा कलाकार

मंडळी, आपल्या चाळीत कलाकाराला राहायला बोलवायचा विषय निघालाय, म्हणून आधी १९९० च्या सुमाराची एक गोष्ट. अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात रिक लो नावाचा चित्रकार भल्यामोठ्या आकाराची चित्रं काढायचा. विषय सामाजिक, आपल्याकडे ज्याला बांधिलकीची कला म्हणतात, ती. एकदा शाळेतली मुलं त्याचा स्टुडिओ बघायला आली. त्यातला एक मुलगा म्हणाला, आमच्या वस्तीत काय चाललंय ते आम्हाला ठाऊक आहे, ते चित्रात कशाला दाखवता? तुम्हाला एवढं सुचतं, तर त्यावर एखादा उपाय का नाही सुचत? लो स्वतःच हा किस्सा सांगत आला आहे. दुसरा कुणी असता तर त्याने त्या पोराचं बौद्धिक घेतलं असतं. लोला मात्र ते लागलं.

त्याच शहरात थर्ड वॉर्ड नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी जॅक येट्स या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १८७२ मध्ये वर्गणी काढून तिथे दहा एकर जमीन घेतली. कशासाठी? मुक्तीचा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. ते इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे. सांगायचा मुद्दा असा की या वस्तीला तिचा इतिहास शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती.

तिथे रांगेने बांधलेली बावीस लाकडी घरं ओस पडली होती. अरुंद घरं, एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही आणि पुढे ओसरी. पुढच्या दारातून झाडलेली गोळी थेट मागच्या दारातून बाहेर जाईल, म्हणून त्यांना शॉटगन घरं म्हणत, असं सांगतात. गर्दुल्ल्यांचा अड्डा झालेली ही घरं पाडायचंच घाटत होतं. पण जॉन बिगर्स या ज्येष्ठ चित्रकाराने अशाच घरांच्या रांगा आपल्या चित्रांत आधीच आणल्या होत्या. ओसऱ्या, त्यांवर उभ्या बायका, छपरांचे एकापुढे एक त्रिकोण. लो आणि त्याचे सहा कलाकार मित्र, असे सात जण १९९३ मध्ये कामाला लागले आणि ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ उभं राहिलं. कचरा उपसला, भिंती खरवडल्या. शेजारपाजारचे लोक आले, चर्चवाले आले, संग्रहालयातले आले.

पुढे काही घरं कलाकारांना दिली गेली. ठरावीक काळासाठी एकेका कलाकाराला एकेक घर द्यायचं आणि त्या घरातच त्याने कलाकृती उभी करायची, अशी पद्धत पडली. इथपर्यंतचं तुम्ही इतरत्रही पाहिलं असेल. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यापुढचं. १९९६ पासून यातल्याच काही घरांत तरुण एकट्या आया मुलांना घेऊन राहू लागल्या. राहायचं आणि शिक्षण पुरं करायचं. इकडच्या घरात कलाकाराची मांडणी, पलीकडच्या घराच्या ओसरीवर बाळाचे कपडे वाळताहेत. अशा शेजारात कलाकाराला नुसती ‘वस्तीवर’ कला करता येत नाही. सकाळी पोरं दारात येऊन विचारतात, हे काय करतोस?

आता यातली गोम. वस्ती नावारूपाला आली की जागेचे भाव चढतात. कलाकार रंग लावतात, मागोमाग बिल्डर येतो आणि ज्यांच्या गोष्टी भिंतीवर रंगवल्या तेच लोक भाडं परवडेना म्हणून उठतात. थर्ड वॉर्डलाही हे चुकलं नाही. म्हणून या मंडळींनी २००३ मध्ये परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायला वेगळी संस्था काढली. कला महोत्सवांच्या अहवालांत हा भाग सहसा नसतो. फोटोत येत नाही ना!

आपण बसलोय मुंबईच्या गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, त्यात उतरलेले अडीच लाखांच्या घरातले कामगार, मग गिरण्यांच्या जमिनी. १९९१ च्या नियमाने या जमिनींचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना जायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त गिरणीतल्या रिकाम्या जागेपुरती उरली. आता त्याच जमिनीवरच्या मॉलमध्ये जुनं यंत्र शोभेला ठेवतात. त्याला वारसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वारसा कुठे सापडतो ते सांगतो. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, एवढा खडखडाट असे की शेजारच्याला मारलेली हाक ऐकू येत नसे. माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलत. हे रेकॉर्डर पुढे धरून तासाभरात मिळत नाही, कारण सांगणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. तो आपला संपाचं आणि पुढाऱ्यांचं बोलतो. तुम्ही महिनाभर त्याच मजल्यावर राहिलात तर एखाद्या दिवशी भजनाच्या गोंगाटात आजोबा समोरच्या गॅलरीतल्या मित्राला हातानेच काहीतरी सांगताना दिसतील. तिथून काम सुरू होतं. खाणावळवाल्या बायकांचंही तसंच. पाळीवरून येणाऱ्या वीस-पंचवीस पुरुषांना जेवू घालणारी बाई ‘माझी कसली गोष्ट’ म्हणून पदर झटकते. तिच्यासोबत भाकऱ्या थापायला बसा, मग कोणी किती उधारी थकवून गावाला पळालं ते नावानिशी ऐकायला मिळेल.

म्हणून इथे असा उपक्रम होणार असेल तर माझ्या अटी साध्या आहेत. कलाकाराने चाळीतच राहायचं, निदान एक पावसाळा. कुणाला बोलवायचं ते चाळकऱ्यांनी ठरवायचं. आठवणी सांगणाऱ्याला वेळेचे पैसे द्यायचे, कारण कलाकारालाही मानधन मिळतंच. ध्वनिमुद्रणाची एक प्रत इथल्या वाचनालयात राहिली पाहिजे आणि कलाकृती कुठे न्यायची तर आधी विचारून.

मघाशी एकांनी विचारलं, एवढ्या अटींवर कोण कलाकार येईल? कलाकार येतील हो. पंचाईत खोलीची आहे. कितीतरी चाळी पुनर्विकासात गेल्यात, उरलेल्यांत रिकामी खोली मिळाली तरी तिचं भाडं कुठल्या अनुदानात बसत नाही. तेव्हा ज्यांची खोली बंद पडून आहे त्यांनी बाहेर टेबलावरच्या वहीत नाव लिहून जा.