दिसेल त्यावर खटला: चेहरा ओळखणाऱ्या तंत्रांची पेटंटं

(अभियांत्रिकी आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी खिशातला फोन काढा. सेल्फीचा कॅमेरा चालू करा, हात पूर्ण लांब धरा आणि स्वतःकडे बघा. आता फोन हळूहळू नाकापाशी आणा. काय होतं? नाक फुगतं, गाल पसरतात, कान मागे सरत सरत दिसेनासे होतात. हसू नका, सगळ्यांचंच तसं होतं. हाच प्रयोग छापील फोटोवर केलात तर फोटो नुसता मोठा होईल. नाकाचं आणि कानाचं आपसातलं प्रमाण जिथल्या तिथे राहील, कारण कागदाला खोली नसते.

हा फरक मोजायचा आणि समोर हाडामांसाचा माणूस आहे की त्याचा फोटो, ते ठरवायचं. या युक्तीवर लास वेगासच्या फेसटेक कंपनीकडे अमेरिकेची पेटंटं आहेत. २०२१ साली तिने लंडनच्या आयप्रूव्हवर नेवाडाच्या फेडरल न्यायालयात खटला भरला. आयप्रूव्हची ओळख आहे ती दुसऱ्याच युक्तीसाठी: फोनचा पडदा एकामागून एक रंग तुमच्या तोंडावर टाकतो आणि तो उजेड त्वचेवरून कसा परततो ते कॅमेरा टिपतो. २०२४ मध्ये फेसटेकने जुमिओलाही कोर्टात खेचलं. जुमिओ ऑनलाइन ओळख पडताळून देते. एके काळी ती फेसटेकचीच गिऱ्हाईक होती, पुढे आयप्रूव्हकडे गेली. धंद्यातली भांडणं कुठे उगवतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात काही नवल वाटायचं नाही.

पण एक गोष्ट बघा. या खटल्यांत 'हा चेहरा कुणाचा' हा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे 'हा चेहरा खरा आहे का' हा. चेहरा ओळखण्याच्या तंत्रावर कंपन्या एवढ्या भांडतात असं आपण ऐकतो, आणि जवळ जाऊन पाहावं तर भांडण दारात चाललेलं असतं, घरात कुणी नसतं. असं का, तेच आज सांगायचं आहे.

त्यासाठी पेटंट वाचायचं कसं हे थोडक्यात. मी पेटंटचे मसुदे लिहिते, तेव्हा धंद्यातली गोष्ट सांगते: पेटंटचं नाव वाचू नका, आकृत्या बघून हुरळून जाऊ नका, थेट शेवटच्या पानांवरचे क्लेम वाचा. क्लेम म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध. मालकी तेवढीच, बाकी वर्णन कितीही रसाळ असो. क्लेममध्ये पाच पायऱ्या लिहिल्या असतील आणि प्रतिस्पर्धी त्यातल्या चारच करत असेल, तर सर्वसाधारणपणे उल्लंघन होत नाही. याला एक अपवाद आहे, विधीच्या मुलांना तो माहीत असेल, त्यात आज शिरत नाही. कंपनीचे इंजिनिअर आणि वकील एकत्र बसून ती पाचवी पायरी कशी गाळायची याचाच विचार करत असतात.

आता थोडं मागे जाऊ. १९९० साली एमआयटीतून एक अर्ज दाखल झाला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. संशोधक मॅथ्यू टर्क आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड. पुष्कळ चेहऱ्यांचा एक सरासरी चेहरा काढायचा, मग त्या सरासरीपासून चेहरे कोणकोणत्या दिशांनी वेगळे होतात ते गणिताने शोधायचं. या दिशा चित्ररूपात पाहिल्या तर धुरकट, भुतासारखे चेहरे दिसतात. ते आयगनफेस. मग प्रत्येक माणूस म्हणजे 'या भुताचं इतकं, त्या भुताचं तितकं' अशी आकड्यांची छोटी यादी. मूळ गणित त्याआधी, १९८७ मध्ये, सिरोविच आणि कर्बी यांनी मांडलं होतं. त्यांना चेहरे थोडक्यात साठवायचे होते, टर्क-पेंटलंडनी त्यातून ओळख पटवली.

या पेटंटचं लायसन्स मॅसॅच्युसेट्सच्या व्हीसेज कंपनीने घेतलं. जानेवारी २००१ मध्ये टँपाच्या स्टेडियमवर सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम, सामन्याला आलेल्या प्रेक्षकांचे चेहरे, त्यांना न सांगता, तपासले गेले. ती यंत्रणा व्हीसेजची. तिच्यासमोर होती जोसेफ अटिक यांची व्हिजनिक्स, चेहऱ्याचे स्थानिक बारकावे धरून चालणारी. दोन कंपन्या, दोन पद्धती, गिऱ्हाईक तीच: पोलीस, विमानतळ, वाहन परवाने देणारी खाती. युद्ध पेटायला याहून चांगली जमीन कुठली? पण झालं काय, तर व्हिजनिक्स २००२ मध्ये आयडेंटिक्समध्ये विलीन झाली, आयडेंटिक्स आणि व्हीसेज २००६ मध्ये एकत्र येऊन एल-वन झाली, २०११ मध्ये फ्रान्सच्या सफ्रानने एल-वन विकत घेतली आणि तो सगळा पसारा आज आयडेमिया या कंपनीत आहे. दोन्ही घराण्यांची पेटंटं एकाच कपाटात गेली. ज्याच्यावर खटला भरायचा त्यालाच विकत घेता येत असेल, तर वकिलाची फी कशाला भरा!

त्याच सुमारास, २००१ मध्ये, पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांचा निबंध आला. तो ओळख पटवण्याचा नव्हता, चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधण्याचा होता. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळसर असतो, नाकाचा दांडा दोन्ही बाजूंच्या डोळ्यांपेक्षा उजळ असतो. असे काळे-पांढरे आयत चित्रावर फिरवायचे आणि जिथे पहिल्याच चाचणीत जमत नाही तो तुकडा तिथेच टाकून द्यायचा, पुढच्या चाचण्यांवर वेळ घालवायचा नाही. टाकून देण्यातच सगळा वेग आहे. डिजिटल कॅमेऱ्यात चेहऱ्याभोवती चौकोन आला तो या घराण्यातल्या तंत्रांमुळे. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये अर्ज केला, २००६ मध्ये पेटंट मिळालं. आणि ओपनसीव्हीमध्ये, म्हणजे चित्रांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या संग्रहात, हीच पद्धत फुकट उपलब्ध होती. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी ज्यांनी हार कॅस्केडची, म्हणजे याच पद्धतीची, फाइल लोड केली आहे, त्यांच्या मनात तेव्हा मित्सुबिशीचा विचार आला होता का? अर्जापासून २० वर्षांची मुदत सरली, आता चिंता नाही.

मग चेहऱ्यांवरून खरे खटले कुणी भरले? पुष्कळदा ज्यांचं चेहरा ओळखणारं स्वतःचं एकही उत्पादन नव्हतं त्यांनी. २०१२ मध्ये ब्लू स्पाइक नावाच्या कंपनीने पूर्व टेक्सासच्या न्यायालयात खटल्यांचा धडाका लावला. तिची पेटंटं कशावर? कुठल्याही संकेताचा, म्हणजे आवाजाचा, चित्राचा, छोटा सारांश काढायचा आणि तो साठवलेल्या सारांशांशी ताडून बघायचा. एवढ्या रुंद चौकटीत बोटांचे ठसेही बसतात, चेहरेही बसतात, गाणीही बसतात. म्हणून ठशांची यंत्रं करणारे, चेहरा ओळखणारे आणि गूगल असे सगळे एकाच माळेत ओवले गेले.

मध्येच २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा अ‍ॅलिस निकाल आला: निव्वळ अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने गूगलविरुद्धच्या खटल्यात ब्लू स्पाइकचे क्लेम याच कारणावरून रद्द ठरवले. एक वस्तू दुसरीशी ताडून पाहणं ही अमूर्त कल्पना आहे, असा त्याचा मथितार्थ. पुढच्या वर्षी अपिलातही तेच कायम झालं. माझ्या मते निकाल योग्यच होता. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला की आपण तेच करतो.

इथे या विषयातली खरी कोंडी दिसते. चेहरा ओळखण्यावरचा क्लेम रुंद लिहिला, तर तो जुन्या संशोधनावर किंवा अमूर्ततेवर आपटतो. अमुक अंतर, अमुक क्रम, अमुक गाळणी असा अरुंद लिहिला, तर तो टिकतो, पण प्रतिस्पर्धी शेजारून निघून जातो. मसुदा लिहिणाऱ्याची कसोटी या दोहोंच्या मधल्या बोटभर जागेत लागते.

याचा सगळ्यात गमतीदार नमुना म्हणजे सीपीसी पेटंट टेक्नॉलॉजीज विरुद्ध अ‍ॅपल. सीपीसी ऑस्ट्रेलियाची. तिच्याकडे सिक्युरिकॉम या कंपनीची पेटंटं आली होती. त्यातल्या एकाचं मूळ २००३ मधलं, आयफोन बाजारात येण्याच्या चार वर्षं आधीचं. त्याचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'दूरस्थ प्रवेश प्रणाली'. हातात मावणारा रिमोट, त्यावर बोटाचा ठसा घेणारा सेन्सर, ठसा जुळला की दार उघडायचा इशारा जातो. नवीन माणसाची नोंद कशी करायची? ठसा किती वेळा आणि किती किती वेळ दाबला, त्यावरून यंत्राने सूचना समजून घ्यायची, तारयंत्राच्या कडकट्टसारखं. आणि क्लेममध्ये शब्द 'ठसा' नाही, 'बायोमेट्रिक संकेत' आहे. त्या एका शब्दाने दार उघडलं. २०२१ मध्ये पश्चिम टेक्सासात खटला दाखल झाला, आयफोन बोटाने उघडणारं टच आयडी आणि चेहऱ्याने उघडणारं फेस आयडी, दोन्हींवर. पुढे तो कॅलिफोर्नियात हलवला गेला, आणि अ‍ॅपल पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाकडे गेलं, की मुळात ही पेटंटंच तपासा. फेस आयडी तुमच्या चेहऱ्यावर ३०,००० हून अधिक अदृश्य ठिपके टाकतं, त्यांच्या विस्कटण्यावरून खोली मोजतं. त्याच्या पाठीशी प्राइमसेन्स ही इस्रायली कंपनी आहे, अ‍ॅपलने २०१३ मध्ये विकत घेतलेली. आणि वाद कशावरून, तर नोंदणीच्या वेळी मान गोल फिरवणं म्हणजे क्लेममधली 'संकेताच्या नोंदींची मालिका' होते का, अशा धर्तीच्या प्रश्नांवर. वकिलांचे तास यात जातात, आणि ते तास स्वस्त नसतात.

टेक्सास पुन्हा पुन्हा का येतं, कुणीतरी विचारेल. मार्शल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या न्यायालयात सुनावण्या झटपट लागतात आणि ज्यूरी पेटंटधारकाला सांभाळून घेते असा लौकिक होता. २०१५ मध्ये साऱ्या अमेरिकेतल्या पेटंट खटल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक त्या पूर्व टेक्सासच्या जिल्ह्यात होते. सॅमसंगवर तिथे इतक्यांदा हजेरी लावायची वेळ आली, की कंपनीने मार्शलच्या चौकात, न्यायालयासमोर, बर्फावरच्या स्केटिंगसाठी रिंगण पुरस्कृत केलं. वर सॅमसंगचं नाव! ज्यूरीत बसणारी माणसं त्याच गावातून आणि आसपासच्या भागातून येतात, एवढंच सांगते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या टीसी हार्टलँड निकालाने खटला कुठे भरायचा यावर बंधनं आली. त्याच वर्षी एक्सपेरी या अमेरिकी कंपनीच्या फोटोनेशनने सॅमसंगवर त्याच जिल्ह्यात खटला भरला. फोटोनेशन म्हणजे आयर्लंडच्या गॉलवेची, फोटोतले लाल डोळे काढण्यासाठी नावाजलेली कंपनी. खटल्यात कॅमेऱ्यातल्या चेहऱ्यांशी निगडित तंत्रं होती. डिसेंबर २०१८ मध्ये सॅमसंगने लायसन्स घेतलं आणि ते मिटलं.

आता सगळे खटले शेजारी शेजारी ठेवा. फोन जवळ आणायला सांगणं, कुलूप उघडणं, कॅमेऱ्यात चेहरा टिपणं. हे सगळं बाहेरून दिसतं. फोन विकत आणून, सुट्या भागांपर्यंत खोलून, पडद्याचं चित्रीकरण करून न्यायालयात दाखवता येतं. उलट खरी ओळख पटवणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी गणिती यंत्रणा, सर्व्हरवर कुठेतरी असतं. प्रतिस्पर्ध्याने ते कसं शिकवलं, त्याचे थर किती, हे तुम्हाला कळणार कसं? आणि उल्लंघन झालंय असं म्हणायला सुरुवातीला काहीतरी पुरावा लागतोच. शिवाय या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम कंपन्यांनी स्वतःच छापून टाकलं. फेसबुकचं डीपफेस २०१४ मध्ये, गूगलचं फेसनेट २०१५ मध्ये. प्रसिद्ध चेहऱ्यांच्या त्याच चाचणीवर अचूकता एका वर्षात ९७.३५ टक्क्यांवरून ९९.६३ वर गेली, आणि ते कसं केलं हे जगाला सांगितलं गेलं. मोठ्या कंपन्या पेटंटंही घेतात, ढिगाने घेतात, पण ती एकमेकींवर काढत नाहीत. दोघींच्याही घरात दारूगोळा आहे. न्यायालयात गाजतात त्या दारावरच्या गोष्टी.

क्लिअरव्ह्यू एआयचंही सांगायला हवं. इंटरनेटवरून कोट्यवधी फोटो उचलून पोलिसांना शोधयंत्र देणारी ही कंपनी. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला अमेरिकेचं पेटंट मिळालं, आणि अनेकांना धक्का बसला. बसायला नको होता. पेटंट म्हणजे ते काम करायची परवानगी नव्हे, दुसऱ्याला ते करण्यापासून रोखण्याचा हक्क. ज्या कामावर देशोदेशीचे नियामक दंड ठोकत होते, त्याच कामाची पद्धत नवी आहे असं पेटंट कार्यालय म्हणू शकतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

पैशाचं म्हणाल तर, चेहऱ्यांवरून गेलेल्या सगळ्यात मोठ्या रकमा पेटंटपायी गेलेल्याच नाहीत. इलिनॉय राज्याचा २००८ चा कायदा सांगतो, की माणसाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याच्या चेहऱ्याचं मोजमाप साठवायचं नाही. फोटोत मित्रांची नावं सुचवणाऱ्या सोयीवरून फेसबुक त्यात अडकलं आणि २०२१ मध्ये ६५ कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. दावा नोंदवलेल्या सामान्य माणसांच्या हाती प्रत्येकी चारशे डॉलरच्या आसपास आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेसबुकने ती सोय बंद करून एक अब्जाहून अधिक लोकांचे चेहऱ्यांचे नमुने पुसून टाकण्याची घोषणा केली. २०२४ मध्ये टेक्सास राज्याने मेटाकडून, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीकडून, १४० कोटी डॉलर कबूल करून घेतले. हो, तेच टेक्सास.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: 'आम्ही प्रोजेक्टमध्ये हजेरीसाठी चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर केलंय. भारतात पेटंट मिळेल का?'

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं, की गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जाणार नाहीत. 'निव्वळ' या शब्दावर सगळी लढाई आहे. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की शोधातून तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून तो फेटाळू नये. तेव्हा ओपनसीव्ही उतरवून त्यावर हजेरीचा तक्ता जोडला असेल, तर अर्जाची फी वाचवा. पण वर्गातल्या मंद उजेडात, तिरक्या कॅमेऱ्याने, स्वस्त चिपवर तुमची पद्धत इतरांहून कमी गणित करून तेच काम करत असेल आणि ते मोजून दाखवता येत असेल, तर मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे, विचार करायला हरकत नाही. फक्त तंत्रमहोत्सवात मांडायच्या आत, निबंध छापायच्या आत अर्ज करा. अमेरिकेत स्वतःचंच काम आधी उघड केलं तरी वर्षभराची सवलत मिळते. आपल्याकडे ती फार मोजक्या प्रसंगी मिळते, आणि तुमच्या कॉलेजचा तंत्रमहोत्सव त्यात बसेल या भरवशावर राहू नका.