लस टोचली, पण दोन हजार कुठं अडकले?

नमस्कार. "सगळ्या लशी दिल्या, तरी मातृवंदनेचा दुसरा हप्ता आला नाही." कोल्हापुरात कुठल्याही अंगणवाडीच्या दारात ही तक्रार ऐकू येते. बऱ्याचदा लस झालेली असते, नोंद राहिलेली असते. ती कुठं राहते, ते आज बघू.

आधी पैसे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की 3,000. उरलेले 2,000 बाळाचा जन्म नोंदवून लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6,000 एकरकमी, हे 1 एप्रिल 2022 पासून. तिथंही लसीची अट तीच. सरकारी नोकरीत असाल तर योजना लागू नाही.

आता ही 'पहिली फेरी' म्हणजे काय? जन्माच्या वेळच्या लशी, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस. नेमकं मोजायचं तर 6, 10 आणि 14 आठवडे. आपल्याकडं सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत, आणि सहा आठवडे भरतात 42 व्या दिवशी. म्हणजे रीत मोडायची वेळच येत नाही. उशीर होतो तो "अजून लहान आहे, बघू पुढच्या महिन्यात" यामुळं.

(माता-बाल संरक्षण कार्डाचं लसीकरणाचं पान कॅमेऱ्यासमोर)

हे पान नीट बघा. योजनेच्या नियमात शब्द आहेत बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओ, डीपीटी, हिपॅटायटिस बी (काविळीची लस). कार्डावर डीपीटी शोधाल तर साडेतीन महिन्यांपर्यंत ती दिसणारच नाही, तिथं 'पेंटा' लिहिलेलं असतं. घाबरू नका. पेंटामध्ये पाच आजारांवरची लस आहे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात (हे तीन म्हणजेच डीपीटी), हिपॅटायटिस बी आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू). म्हणून पेंटा 1, 2, 3 या तिन्ही चौकटींत तारीख हवी, पोलिओच्या थेंबांच्या चौकटींतही हवी. नुसती टिकमार्क चालवून घेऊ नका. तिथल्या तिथं सिस्टरना तारीख घालायला सांगा.

सगळ्यात जास्त रिकामी राहते बीसीजीची चौकट, आणि त्यामागं कारण आहे. बीसीजीच्या एका बाटलीत दहा-एक बाळांची लस असते. एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत ती वापरावी लागते, उरलेली टाकून द्यायची. त्यामुळं छोट्या दवाखान्यात एका बाळासाठी बाटली फोडत नाहीत, "अमुक वारी या" म्हणतात. तो वार बारशाच्या गडबडीत निघून जातो. बीसीजी वर्षाच्या आत देता येते, तेव्हा दीड महिन्याच्या लशींबरोबर ती मागून घ्या. जन्मानंतर 24 तासांत द्यायची हिपॅटायटिस बी मात्र हुकली तर हुकली. पुढं पेंटातून ती मिळते.

आता खरी गोची. पहिलं बाळंतपण माहेरी. समजा सासर गडहिंग्लजला आणि माहेर शिरोळला. अर्ज भरला सासरच्या अंगणवाडीत, बाळ जन्मलं माहेरी, तिन्ही डोस माहेरच्या उपकेंद्रात. सासरच्या आशाताईंच्या रजिस्टरला हे बाळ दिसतच नाही. तेव्हा जाताना कार्ड बरोबर न्या, कपाटात ठेवू नका. माहेरी नवं कार्ड काढून दिलं तर जुन्याचा नंबर त्यावर लिहून घ्या. डोस झाला की त्या पानाचा फोटो सासरच्या आशाताईंना त्याच दिवशी पाठवा. आणि लसीची नोंद यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदवहीत, झाली का, ते सिस्टरना विचारा. तिथून निघणारं प्रमाणपत्र कुठल्याही गावी दाखवता येतं.

जन्माचा दाखलासुद्धा जिथं बाळंतपण झालं तिथलाच मिळतो. नोंद 21 दिवसांत करायची. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, त्यासाठी बारसं थांबवायला नको आणि नोंदही थांबवायला नको.

खासगी बालरोगतज्ज्ञांकडं लस घेतली असेल तर? चालते. त्याच आजारांवरच्या, तोडीच्या लशी नियमात बसतात. पण डॉक्टरांची फाईल वेगळी आणि आपलं कार्ड वेगळं. फाईलवर तारीख, सही, शिक्का असू द्या आणि ती नेऊन आरोग्यसेविकेकडून कार्डावर उतरवून घ्या.

पेंटानंतर ताप येतो, मांडी सुजते. साधारण एक-दोन दिवसांत उतरतं. या तापाच्या भीतीनं दुसरा डोस लांबवणारी घरं खूप. हलकी सर्दी असली तरी लस देता येते. डोस लांबलाच तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, जिथं थांबला तिथून पुढं, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून.

एवढं सगळं होऊनही पैसे आले नाहीत तर खातं बघा. रक्कम आईच्याच आधार जोडलेल्या खात्यात येते, नवऱ्याच्या नाही. दोन खाती असतील तर आधार शेवटी जिथं जोडलं तिथं जाते. "आलेच नाहीत" म्हणणाऱ्या कित्येकींचे पैसे लग्नाआधीच्या विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आधारवर माहेरचं नाव आणि फॉर्मवर सासरचं, असं असेल तर अर्ज तिथंच अडतो. फॉर्म आधारवरच्या नावानंच भरा.

अर्जाची मुदत बाळाच्या जन्मापासून 270 दिवसांची. तिसरा पेंटा 98 व्या दिवशी झाला तर हातात साडेपाच महिने राहतात. भरपूर वाटतात. पण नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीला बाळाला घेऊन गेलात आणि तिथं सिस्टरनी विचारल्यावर अर्जाची आठवण झाली, तर ती मुदत नुकतीच संपलेली असते.