गुडघ्यावरचं नवं कापड

(दृश्य: खिडकीच्या उजेडात धरलेली लहान मुलाची जीन्स. गुडघ्याच्या जागेतून प्रकाश आरपार येतोय.)

लहान मुलाची पँट सगळ्यांत आधी गुडघ्यावर जाते. रांगणं सुटतं, गुडघे टेकणं सुटत नाही. गोट्या आहेत, मातीतली गाडी आहे, फरशीवर ओणवं होऊन रंगवलेली चित्रं आहेत. भोक पडण्याच्या बरंच आधी कापड विरायला लागतं. जीन्समध्ये ते स्पष्ट दिसतं. तिचे उभे धागे निळे, आडवे पांढरे. वर असतात ते निळे, म्हणून घासतात तेच. ते तुटले की मागे उरते पांढऱ्या धाग्यांची जाळी. दुरुस्तीला यायची खरी वेळ ही.

(दृश्य: गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट.)

हे इचलकरंजी. १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग चालू झाला आणि पुढे गावच मागांचं झालं. या गल्लीत खिडकीला लागून शिवणकाम करणाऱ्या मावशींचं पायमशीन आहे. जून तोंडावर आला की मशीनशेजारी पिशव्यांचा ढीग लागतो.

"मावशी, शाळा सुरू व्हायला आलीया. नवीन घ्यायचं जिवावर येतंय. एवढं जमतंय का बघा की."

"जमतंय की. पर पोराला आणलाईस न्हवं? कापड त्योच निवडंल."

मावशी हे गमतीने म्हणत नाहीत. ठिगळ म्हटलं की आपल्याकडे गरिबी आठवते, आणि ती लाज सगळ्यांत आधी मुलाला टोचते. पण कटपीसच्या डब्यात हात घालून लाल चौकडा त्याने स्वतः उचलला, की तीच पँट तो हट्टाने घालतो. मला ही या कामातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते, आणि तिला सुईसुद्धा लागत नाही.

(दृश्य: बादलीत भिजणारं कापड. पाण्याला हलका रंग.)

नवं कापड आधी भिजतं. पँट शंभरदा धुऊन आटायची तेवढी आटलेली असते, नवं सुती कापड अजून आटायचं असतं. तसंच लावलं तर पहिल्याच धुण्यात ते आक्रसतं आणि भोवतीचं जुनं कापड ओढून धरतं. जुनं कमजोर, त्यामुळे फाटतं तेच. लाल कापड तर पाणी निवळ येईपर्यंत खळबळायचं.

(दृश्य: उसवणीने एकेक टाका तोडणारा हात. अगदी जवळून.)

आता खरी अडचण. लहान मुलाच्या पँटचा पाय एवढा अरुंद, की मशीनच्या दाबपट्टीखाली तो सपाट बसत नाही. म्हणून मावशी शिवण उसवतात. कुठली? जीन्सची आतली शिवण बहुधा दुमडून दुहेरी टीप मारलेली असते, तिला हात लावायचा नाही. बाहेरची साधी असते. गुडघ्याच्या वर एक वीत, खाली एक वीत, एवढीच उसवायची. पाय पुस्तकासारखा उघडतो.

ठिगळ भोकाच्या मापाचं कधीच कापायचं नाही. भोकाभोवती विरलेला भाग असतो, त्याच्याही पलीकडे दोन बोटं, जिथे कापड अजून दमदार आहे तिथपर्यंत ते गेलं पाहिजे. नाहीतर टीप विरलेल्या कापडावर पडते आणि महिन्याभरात ठिगळाच्या कडेनेच नवी फाट जाते. उभा धागा उभ्यालाच जुळवायचा. कोपरे गोल करायचे, टोकदार कोपरा आधी उचलतो. कडा आत दुमडायच्या, कच्चा टाका घालायचा, मग दोन टिपा.

आणि हे बघा. ठिगळाच्या दोन्ही बाजूंना मावशी एकेक बारीक टक घेतात, म्हणजे कापडाला चिमटीएवढी चुणी घालून शिवतात. सपाट कापडाला त्यामुळे गुडघ्याचा फुगीरपणा येतो. मूल उकिडवं बसलं तरी टाक्यांवर ताण येत नाही.

गणवेशाला लाल चौकडा चालत नाही. तिथे कापड पँटमधूनच काढायचं. खाली दुमडीत शिंप्याने माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलेली असते. तेवढी कापून घेतली की रंग, वीण, सगळं जुळतं. मग दुमड बारीक येते, पण पँट अजून लांब होत असेल तर बिघडत नाही.

उंचीचं गणित वेगळं. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं, कंबर त्या मानाने फार कमी. पँट कमरेला बसते आणि घोट्याच्या वर चढते. दुमड सोडली तर जुन्या घडीची फिकट रेघ उरते, ती इस्त्रीनेही जात नाही. मावशी त्या रेघेवरच नव्या कापडाची पट्टी बसवतात, गुडघ्याला लावलं त्याच कापडाची. मग ते ठिगळ राहत नाही, पँटचीच नक्षी होते.

(दृश्य: कात्री गुडघ्याच्या वरून सरळ जाते.)

दोन्ही गुडघे पार गेले असतील तर मावशी वेळ घालवत नाहीत. वरून कापायचं, हाफ पँट करायची. पोटऱ्यांकडचं कापड क्वचितच घासलेलं असतं. त्याचे दोन मोठे खिसे निघतात. उरलेलं कापड डब्यात जातं, पुढच्या कुणाच्या तरी गुडघ्यासाठी.

"खिसं खोल कर गं मावशी," पोरगा सांगतो. "गोट्या पडत्यात."