कासरा धरणाऱ्या पेशी

(दृश्य: कपाशीचं वावर, डवरणी चालू)

यवतमाळ जिल्हा, पावसाळ्याची उघडीप. पऱ्हाटीच्या दोन तासांमधून डवरा फिरतोय. बैलांच्या तोंडाला मुसकं आहे, अंगात भरपूर जोर आहे, आणि तरी एक रोप तुटत नाही. कासऱ्यावरचा हात बघा, किती थोडा हलतो. बैल बोटभर बाजूला होतो आणि रोप वाचतं.

आपल्या मेंदूच्या वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, असा कासरा धरणाऱ्या पेशी असतात. त्यांना इन्हिबिटरी इंटरन्यूरॉन म्हणतात. कॉर्टेक्समधल्या शंभरातल्या साधारण ऐंशी पेशी पुढच्या पेशीला चेतवतात. उरलेल्या वीसेक पेशी गाबा नावाचं रसायन सोडून तिला आवरतात. कोणत्या पेशीने नेमकं कोणत्या क्षणी बोलायचं, हे या आवरण्यातून ठरतं.

(दृश्य: कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा, स्टीलचा ट्रे)

हे बकऱ्याचं भेजं. आठवडी बाजारातल्या मटणाच्या दुकानातून सकाळीच आणलंय. जीवशास्त्राच्या मॅडम त्याचे लहान तुकडे करताहेत. तुकडे आधी फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात राहतात. काही दिवसांनी ते अंधारात, सिल्व्हर नायट्रेटमध्ये जातात. बाहेर येतात ते विटकरी, ठिसूळ होऊन. मग ब्लेडने पातळ काप. हातमोजे सगळ्यांनी घातलेत, कारण क्रोमियम विषारी असतं.

ही रीत कामिल्लो गोल्जी यांची, 1873 सालची. तिची गंमत अशी की शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर काचेवर नुसता डाग दिसला असता. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच रीत हाती घेऊन मेंदूतल्या पेशी एकेक करून कागदावर उतरवल्या. आखूड ॲक्सॉनच्या (ॲक्सॉन म्हणजे पेशीचा संदेश पुढे नेणारा तंतू), जवळच्या जवळ फांद्या पसरणाऱ्या पेशी त्यांनी तेव्हाच वेगळ्या ओळखल्या होत्या. 1906 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून, पिवळट पार्श्वभूमीवर काळ्या पेशी)

त्रिकोणी धड, वर जाणारी जाड फांदी: ही चेतवणारी, पिरॅमिडल पेशी. अशा पुष्कळ सापडतात. आता काच थोडी सरकवलीय. इथे धड गोलसर आहे आणि बारीक तंतू लांब न जाता आसपासच गुंतलाय. हा बहुधा इंटरन्यूरॉन.

(निवेदन थांबतं. मुलींचे आवाज.)

अकरावीच्या मुलींना हे त्यांच्याच गावात, त्यांच्याच हाताने दिसलं. मेंदूचं विज्ञान शहरातल्या मोठ्या संस्थेतच सुरू होतं, असं मानायचं काही कारण नाही.

(दृश्य: फळा, रंगीत खडू, मॅडम गर्भाच्या मेंदूचा आडवा छेद काढताहेत)

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. या आवरणाऱ्या पेशी कॉर्टेक्समध्ये जन्मतच नाहीत. पिरॅमिडल पेशी कॉर्टेक्सच्याच आतल्या पदरात तयार होतात आणि सरळ वर चढतात. इंटरन्यूरॉन जन्मतात मेंदूच्या तळाशी, गँग्लिऑनिक एमिनन्स नावाच्या उंचवट्यांत. फळ्यावर लाल खडूने दाखवलाय तो भाग. तिथून वळसा घालून, आडव्या वाटेने त्या कॉर्टेक्सपर्यंत येतात. 1997 साली अमेरिकेत स्टुअर्ट अँडरसन, जॉन रुबेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर हे दाखवलं. डीएलएक्स-1 आणि डीएलएक्स-2 ही दोन जनुकं नसली की पेशी तळाशीच अडकतात आणि कॉर्टेक्समध्ये त्यांचा तुटवडा पडतो.

चालतात कशा? पेशी पुढे एक टोक काढते. टोकाला फाटे फुटतात, वेगवेगळ्या दिशांना चाचपतात. एक फाटा टिकतो, बाकीचे आखडतात, मग मागून केंद्रक झटक्यात पुढे सरकतं. काही रसायनं बोलावतात, काही दूर लोटतात. माणसाच्या बाळात तर जन्मानंतरही काही महिने अशा पेशी मेंदूच्या पुढच्या भागाकडे चालतच असतात.

आणखी एक. कोवळ्या मेंदूत गाबा आवरत नाही, उलट चेतवतं. तेव्हा पेशीत क्लोराइड जास्त असतं. ते बाहेर काढणारा केसीसी-2 हा पंप वाढला की तेच रसायन आवरायला लागतं.

पोचलेल्या सगळ्या जगत नाहीत. उंदरात जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जवळपास 40 टक्के मरतात. आसपासच्या पिरॅमिडल पेशी जागत्या असतील तर जास्त इंटरन्यूरॉन तगतात. जगल्यावर प्रत्येकीचं ठिकाण ठरलेलं. बास्केट पेशी दुसरीच्या धडाला वेढा घालते, शँडेलियर पेशी ॲक्सॉनच्या मुळाशी बसते, मार्टिनोटी पेशी वरच्या थरात जाऊन फांद्यांचे शेंडे धरते. आणि व्हीआयपी नावाच्या पेशी आवरणाऱ्यांनाच आवरतात, म्हणजे गरजेला ढील मिळते.

(दृश्य: अंगण, आजी आणि नातू)

ही घडी विस्कटली की काही मुलांना फिट येते. ड्राव्हे सिंड्रोममध्ये एससीएन-1-ए जनुकातल्या बिघाडाने या आवरणाऱ्या पेशीच कमजोर पडतात. पहिली फिट बहुधा वर्षाच्या आत, तापात येते. अशा मुलांचा त्रास कार्बामाझेपिनसारख्या औषधाने वाढू शकतो, म्हणून निदान नीट व्हायला हवं. आजींच्या लहानपणी कांदा हुंगवायचे, बाहेरचं म्हणायचे. बाहेरचं यात काही नाही. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना. तिथे नाकात मारतात तो मिडाझोलामचा फवारा गाबाचाच जोर वाढवतो.